बिनतिकिटाचं पाणी

तुम्ही कंडक्टर नानांच्या हातात पाण्याचा ग्लास दिलात, तर ते तो तोंडाला लावत नाहीत. आधी उठून दारापर्यंत जातात. ग्लास उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटतात आणि सावकाश फिरवून बघतात. मग नाकाजवळ नेऊन वास घेतात. मग तुमच्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारतात,

"याचं तिकीट फाडलं का?"

नवा माणूस गोंधळतो. आमच्या गल्लीत मात्र बालवाडीतल्या पोरालाही याचा अर्थ माहीत आहे. पाणी गाळलं का, तुरटी फिरवली का, औषधाचे थेंब टाकले का आणि टाकल्यावर अर्धा तास दम धरला का, एवढी सगळी विचारपूस त्या एका प्रश्नात आहे. उत्तर 'नाही' आलं, की नाना ग्लास अदबीनं परत करतात, खांद्याच्या पिशवीतून आपली स्टीलची बाटली काढून दोन घोट घेतात आणि म्हणतात, "राग नका मानू. बिनतिकिटाचं पानी मी आत घेत नाई."

लोक राग मानतातच. आमच्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की आधी पाणी, मग 'कवा आले', मग चहा. पाण्याला नाही म्हणणं म्हणजे घरालाच नाही म्हणणं. या हिशोबानं नानांनी अर्ध्या तालुक्याला नाही म्हटलेलं आहे. त्यांचा सख्खा मेहुणा या एका कारणावरून त्यांच्याशी बोलत नाही. एकदा गावात कीर्तनाला आलेल्या महाराजांनी तळहातावर तीर्थ दिलं, तर नाना रांगेतून बाहेर निघाले आणि तळहात उजेडाकडे धरून उभे राहिले. महाराजांना वाटलं, केवढा हा भाव!

नाना एसटीत कंडक्टर होते. मेहकर, चिखली, साखरखेर्डा, अमडापूर या पट्ट्यातला एकही फाटा असा नसेल, जिथे उतरून त्यांनी पाणी प्यायलं नाही. नोकरीत असताना त्यांचं असलं काही सोवळं नव्हतं. "हापशीचं प्यालो, हिरीचं प्यालो, हाटीलातल्या टिपाडातलं प्यालो," ते सांगतात. "माह्या पोटात अख्खा डेपो हाये." कोणत्या गावाचं पाणी जिभेला जड, कोणत्या गावाचं गोड, हे ते अजून डोळे मिटून सांगतात आणि दहातल्या पाच वेळा चुकतात. पण चुकलं तरी ते मानत नाहीत. पाणीच बदललं असेल म्हणतात.

मग रिटायर झाल्यावर हे वेड कसं लागलं, हे आम्हाला बरीच वर्षं कळलं नव्हतं. काकू वारल्या होत्या, एकुलता मुलगा पुण्याला. रिकामा वेळ खायला उठतो म्हणून माणूस काहीतरी करतो, एवढाच आमचा अंदाज होता.

आमचं घर नानांच्या घराला लागून. माझे बाबा गवंडी. नानांचं घर बाबांनी बांधलं आणि भिंती वर येईपर्यंत दोघांची इतकी गट्टी जमली, की शेजारचा प्लॉट रिकामा झाल्याबरोबर नानांनीच मालकाच्या मागे लागून तो बाबांना मिळवून दिला. आम्ही बौद्ध, नाना कुणबी. गावात दोन वस्त्यांमध्ये जे अंतर असतं, ते आमच्या दोन भिंतींमध्ये राहिलं नाही. बाबा त्यांना नाना म्हणत, ते बाबांना मिस्तरी, आणि दोघं संध्याकाळी एकाच ओट्यावर बसून एकमेकांचं न ऐकता बोलत.

नानांच्या मागच्या अंगणातली 'गाडी'सुद्धा बाबांच्याच हातची. गाडी म्हणजे जिन्यासारख्या चढत्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर एक माठ. वरच्या माठात तुरटी फिरवून निवळलेलं पाणी. ते बुडाच्या बारीक छिद्रातून, कापडाच्या वातीवरून, थेंब थेंब खालच्या माठात. तिथे खडी आणि धुतलेली वाळू. त्याच्या खाली कोळसा. सगळ्यात खालच्या माठात पाणी उतरलं, की औषधाचे थेंब. नाना पाटावर बसून हा प्रवास बघत. पाणी तुंबलं, की माठाला टिचकी मारून ओरडत, "पुढं सरका, पुढं सरका! मधी जागा हाये!"

शेवटच्या माठावर छताला एक घंटा टांगलेली आहे. औषध टाकून अर्धा तास झाला, की नाना दोरी ओढतात. दोनदा. डबल बेल. मग गल्लीतल्या बाया कळशा घेऊन येतात. कुणी आधी आलं, तर नाना हात आडवा धरतात. "गाडी अजून लागली नाई."

उन्हाळ्यात त्यांनी आणखी एक प्रकार सुरू केला. पारदर्शक बाटल्यांत पाणी भरून पत्र्यावर आडव्या ठेवायच्या, दिवसभराच्या कडक उन्हानं जंतू मरतात. आता आमच्याकडे कुत्री येऊ नयेत म्हणून लाल पाण्याच्या बाटल्या दारात ठेवायची पद्धत आहे. नानांच्या पत्र्यावर बाटल्या दिसल्या, तेव्हा गल्लीनं ठरवून टाकलं, की हा माकडांवरचा उपाय. आठवड्याच्या आत सगळ्या पत्र्यांवर बाटल्या आल्या. एका मावशींनी तर गुण जास्त यावा म्हणून कुंकू कालवलं. नाना घरोघर हिंडून सांगत होते, "अहो, माकडासाठी नाई हो, मानसासाठी हाये!" कुणी ऐकलं नाही. शेवटी एक माकड आलंच. त्यानं नेमकी नानांचीच बाटली उचलली, बूच चावून उघडली आणि गटागटा पिऊन गेलं. नाना खालून बघत होते. म्हणाले, "अख्ख्या गावात हे एकच शहानं निंगालं."

थंड पाण्याच्या जारवर त्यांचा विशेष राग. लग्नाकार्यात निळे जार दिसले, की ते ज्याला त्याला अडवून सांगत, "थंड म्हंजे सुद्ध नाई, बापू. मुर्दाबी थंडच असते." शुभकार्यात हे ऐकून यजमान कसेनुसे हसत.

मी मात्र नानांची ऋणी आहे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी चिखलीला कॉलेजला जायची तेव्हा सकाळच्या गाडीआधी नाना कुंपणावरून बाटली पुढे करत. "बाहेरचं पिऊ नको. पोट बिघडलं तं पेपर कोन देईन, मिस्तरी?" परीक्षेच्या दिवसांत ते बाटली देऊन थांबत नसत, संध्याकाळी रिकामी झाली की नाही तेही तपासत. माझ्या पदवीचे पेढे वाटले, तेव्हा बाबांनी पहिला पेढा नानांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला नाही, हे आईनं मुद्दाम माझ्या लक्षात आणून दिलं.

एक गोष्ट मात्र कुणालाच उलगडत नव्हती. शेवटच्या माठाशेजारी एक वेगळा, झाकणाचा, चांगला ऐसपैस माठ होता. त्यावर नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं: 'राखीव'. झाकणावर स्टीलचा एक इवलासा ग्लास पालथा. त्या माठातलं पाणी कुणाला मिळत नसे. रोज सकाळी नाना कालचं पाणी अंगणातल्या जास्वंदीला ओतत आणि ताजं भरत. गल्लीतली सगळ्यात सुखी जास्वंद ती. "आमदारासाठी ठेवलं काय हो?" बाबा चिडवत. नाना म्हणत, "राखीव म्हंजे राखीव. सीट खाली दिसली म्हून कोनीबी बसाचं नाई."

आता त्या दिवसाचं सांगते.

मला बघायला मेहकरहून पाहुणे येणार होते. त्याआधी दोन-तीन स्थळं येऊन गेली होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, शिक्षण पुरे झालं. मला बी.एड. करायचं होतं. मेहकरच्या मिलिंदनं मात्र फोनवर स्वतःहून विचारलं होतं, "बी.एड.चा फॉर्म कधी भरताय?" तेव्हापासून मी मनातल्या मनात तयार होते. त्याचे वडील वानखडे गुरुजी, निवृत्त शिक्षक. शब्दाला पक्के, पण मानी, असं ऐकून होतो. त्यांनी एकदा 'नाही' म्हटलं, की विषय संपला.

पावसाळ्याचे दिवस. गावात काविळीचे दोन-चार पेशंट होते. आमच्या हौदाचं झाकण तडकलं होतं आणि पावसाचं गढूळ आत उतरत होतं. नानांनी त्या हौदावर खडूनं लिहून ठेवलं होतं: 'गाडी नादुरुस्त'. पाहुण्यांसाठी त्यांनी पहाटेच उठून पाणी तयार केलं, स्वतः घागर भरून आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवली आणि आईला बजावलं, "वहिनी, पिवाले हेच. दुसऱ्या कशाले हात नाई लावाचा."

आईनं मान हलवली आणि पोह्यांच्या मागे लागली. तेवढ्यात सकाळच्या गाडीनं साखरखेर्ड्याहून माझी गोदामावशी आली. मावशी आली, की घराचा ताबा तिच्याकडे जातो. आईला तिनं कांद्याजवळ बसवलं, मला साडी नेसायला पिटाळलं आणि पाण्याचा कारभार स्वतःकडे घेतला.

नाना गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. आमच्याकडून वडीलधारे म्हणून बाबांनीच त्यांना बसवलं होतं. पाहुणे आले. हातपाय धुतले. गुरुजी, त्यांच्या पत्नी आणि मिलिंद सतरंजीवर बसले. मी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आले.

गुरुजींनी ग्लास उचलला. नानांनीही सवयीनं एक उचलला आणि नाकाजवळ नेला. औषधाचा वास नाही. त्यांनी पुन्हा हुंगला. मग त्यांचं लक्ष गुरुजींकडे गेलं. गुरुजींचा एक घोट घेऊन झाला होता, दुसऱ्यासाठी ग्लास ओठाला लागत होता.

नाना खुर्चीतून उठले नाहीत, उडाले. "ठेवा! ठेवा थो ग्लास!" आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी गुरुजींच्या हातातून तो हिसकावून घेतला. निम्मं पाणी गुरुजींच्या शर्टावर सांडलं.

 मी ट्रे खाली ठेवला.

गुरुजींनी रुमालानं छाती पुसली. बाबांना हळूच विचारलं, "हे कोण?"

"शेजारी आहेत. नाना. एसटीत होते."

"आडनाव?"

बाबांनी आडनाव सांगितलं. गुरुजींनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उभे राहिले.

"मिस्तरी, मी लहान असताना एका हॉटेलात माझ्या बापाच्या हातातून पेला असाच घेतला होता," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं होतं, माझ्या पोरांच्या लग्नात तरी हे बघावं लागणार नाही. आणि तेही आपल्याच माणसाच्या घरात."

गुरुजींच्या पत्नी उठल्या. मिलिंदही उठला. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, पण आता काही उपाय नाही असं काहीतरी होतं. माझा बी.एड.चा फॉर्म, फोनवरचे ते चार शब्द, सगळं त्या ओल्या शर्टात जिरताना मला दिसत होतं.

नानांना मात्र काय झालं तेच कळलं नव्हतं. ते आपले सगळ्यांकडे बघून सांगत होते, "अहो, हे घागरीतलं नाई! हौदाचं दिसते! काऊन उठून राह्यले? बसा ना!"

बाबा त्यांच्याजवळ गेले. कानाशी लागून काहीतरी बोलले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण नानांचा चेहरा मी बघितला. चालत्या गाडीतून माणूस पडलेला बघावा आणि घंटा आपल्याच हातून वाजली होती हे उमगावं, तसा तो झाला.

त्यांनी हातातल्या ग्लासाकडे बघितलं. गुरुजींचा उष्टा ग्लास, त्यात उरलेलं निम्मं पाणी. नाना दारापर्यंत गेले नाहीत. उजेडाकडे धरला नाही, वास घेतला नाही. त्यांनी तो ग्लास तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

आमच्या घरात कुणी विष प्यायलं असतं तरी आम्ही इतके थक्क झालो नसतो.

"गुरुजी," नाना मिशी पुसत म्हणाले, "मी कोनाचंच पीत नाई. माह्या सख्ख्या मेव्हन्याचं पीत नाई, थो बोलत नाई माह्याशी. गल्लीत कोनालेबी इचारा. येडा म्हनतीन मले. पन तुमी म्हनता तसा नाई म्हनतीन." मग काहीतरी आठवल्यासारखं करून ते भराभरा बाहेर पडले. चप्पल न घालताच.

आम्हाला वाटलं, गेले. पाहुणेही चपला शोधत होते. बाबा मधे उभे राहून तुरटी, कोळसा, उजेड, मिटलेला डोळा, तिकीट, डबल बेल असं सगळं एका दमात सांगायचा प्रयत्न करत होते आणि ते ऐकून गुरुजींची खात्री उलट कमी होत होती. तेवढ्यात गोदामावशी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

"पानी तं म्याच देल्लं," ती म्हणाली. "काऊन, का झालं? चांगलं हौदातलं निव्वळ पानी देल्लं, तुरटीचं ना औषधाचं."

"अन् नानांनी आनलेली घागर?" आईनं आतून विचारलं.

"थे? थ्या पान्याले तं दवाखान्यावानी वास मारे! असं पानी पाव्हन्याच्या तोंडाले देतेत का? म्या थे पाय धुवाले देल्लं."

सगळ्यांनी हळूहळू आपापल्या पायांकडे बघितलं. गुरुजींनीही बघितलं. नानांनी पहाटेपासून खपून निवळलेलं, गाळलेलं, तिकीट फाडलेलं पाणी त्यांच्या टाचांवरून न्हाणीत वाहून गेलं होतं.

पहिल्यांदा गुरुजींच्या पत्नी हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग मिलिंद. गोदामावशी विचारत राहिली, "हासाले का झालं? पाय निंगाले नाई का चांगले?"

तेवढ्यात शेजारून घंटा वाजली. दोनदा.

नाना आले. अनवाणीच, धापा टाकत. दोन्ही हातांत 'राखीव' लिहिलेला माठ कवटाळलेला, झाकणावर तो इवलासा ग्लास. माठ त्यांनी गुरुजींसमोर सतरंजीवर ठेवला. "एवढंच उरलं होतं तयार. घ्या."

ग्लास भरून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. गुरुजी उभेच होते. त्यांनी ग्लास घेतला, आणि शिक्षकाचीच नजर ती, ग्लासावर कोरलेली अक्षरं आधी वाचली.

"चि. ओंकार. हा कोण?"

"नातू माहा. पुन्याले असते."

"येतो इकडे?"

"येईन ना," नाना म्हणाले. "एकडाव आला होता, हा एवढासा होता. पोट बिघडलं त्याचं. सलाईन लागली. सूनबाई काई वाईट बोलली नाई हो. एवढंच म्हने, पान्याचं काही तरी होऊ द्या, मंग येऊ." ते माठाच्या काठावरून बोट फिरवत राहिले. "मंग मी पान्याचं केलं. दर रईवारी फोनवर सांगतो त्याईले, पानी तयार हाये म्हून. पन त्याले क्लास असते, परीक्षा असते. शिकतंय पोरगं. चांगलंच हाये."

बाबांनी मान खाली घातली. आमदारासाठी ठेवलं काय, हे ते इतकी वर्षं विचारत आले होते.

 गुरुजी ग्लास घेऊन दारापर्यंत गेले. उजेडाकडे धरला. एक डोळा मिटला. बाबांच्या मघाच्या भाषणातलं एवढं तरी त्यांच्या लक्षात राहिलं होतं. वळून अगदी कडक आवाजात म्हणाले,

"कंडक्टर साहेब, याचं तिकीट फाडलं का?"

"हाव गुरुजी," नाना ताठ उभे राहून म्हणाले. "पहाटीच."

गुरुजी प्यायले. मग त्यांच्या पत्नी, मग मिलिंद, त्याच एका इवल्याशा ग्लासानं, आळीपाळीनं. माठ तळाला लागेपर्यंत सगळे पीत राहिले. दुसऱ्या दिवशी जास्वंदीला पाणी मिळालं नाही.

मिळणार कसं, नानाच अंथरुणाला खिळले होते. पोट असं काही बिघडलं, की त्यांनाच सलाईन लागली. गल्ली बघायला लोटली. कुणी विचारलं, की नाना क्षीण आवाजात सांगत, "पोह्यानं झालं. मिस्तरीच्या घरचे पोहे. शेंगदाने लय टाकते वहिनी." आई ऐकून लालबुंद झाली. तिच्या पोह्यांना आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. ती तरातरा जाब विचारायला गेली आणि गप्प होऊन परत आली. "मेहकरले कळलं असतं, त्या पान्यानं झालं म्हून, तं गुरुजीच्या जिवाले लागलं असतं," ती बाबांना म्हणाली. "मले म्हने, वहिनी, पोह्याचा इन्साफ मंग करू."

मेहकरला कळलंच. गुरुजी एसटीनं आले, हातात बाटली. नानांनी पडल्या पडल्या ती खिडकीच्या उजेडाकडे धरली, बराच वेळ वास घेतला आणि म्हणाले, "औषध जरा जास्त झालं, गुरुजी." आणि प्यायले.

आमच्या लग्नात पाण्याचं खातं नानांकडे होतं. निळे जार त्यांनी मांडवात शिरू दिले नाहीत. एसटीचा जुना खाकी शर्ट घालून माठांपाशी उभे होते आणि जेवणाच्या पंगतीला ओरडत होते, "पुढं सरका, पुढं सरका!" मी बी.एड. केलं. आता मेहकरच्या एका शाळेत शिकवते. माझ्या घरीही पायऱ्यांची गाडी आहे, बाबांनी येऊन बांधून दिली. तिच्या पहिल्या पाण्याची तपासणी नानांनी केली आणि मुद्दाम काहीतरी खोट काढली.

या दिवाळीत माहेरी गेले होते. माझी रमा आता तुरुतुरु चालते. मी आईशी बोलत होते तेवढ्यात ती कुंपणाच्या फटीतून नानांच्या अंगणात गेली. मी मागे धावले, तर बाई राखीव माठापाशी उभ्या आणि हातात तो इवलासा ग्लास.

"ठेव तो," मी ओरडले. "तो ओंकारदादाचा आहे."

नाना पाटावर बसले होते. त्यांनी मला हातानंच थांबवलं. रमाच्या हातून ग्लास घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसायला गेले, मग स्वतःलाच रागावल्यासारखे उठून तो नीट धुतला. राखीवचं झाकण उचललं आणि ग्लास भरून तिला दिला.

रमानं तो दोन्ही हातांनी उजेडाकडे धरला. हे तिनं कुठे बघितलं होतं ते सांगायला नको. तिला एक डोळा मिटता येत नाही, म्हणून तिनं दोन्ही मिटले. मग प्यायली आणि म्हणाली, "अजून."

"नाना, पण ओंकारचा ग्लास..." मी म्हटलं.

"त्याले आता हा लहान होते, वैशू," नाना म्हणाले. "मिशी फुटली असंल त्याले."

रमाचा ग्लास त्यांनी पुन्हा भरला. मग शेवटच्या माठातून तांब्यानं ताजं पाणी घेऊन राखीव माठ काठोकाठ भरायला सुरुवात केली. मी बघत उभी राहिले. न राहवून विचारलं, "मग हा कशाला भरता रोज?"

"माठ मी तवाच मोठा घेतला होता," नाना म्हणाले. झाकण ठेवलं, त्यावर ग्लास पालथा घातला, आणि रमाला उचलून तिच्या हातात घंटेची दोरी दिली.

तिनं ती ओढली. एकदा. नानांनी वाट बघितली. मग तिनं पुन्हा ओढली.